दोषाचा धनी कोण?

दोन वस्तू एकत्र आल्या आणि काम बिघडले, म्हणजे दोष कोणाचा, हा प्रश्न वरवर पाहता कारागिराचा आहे, नीतिशास्त्राचा नव्हे. ज्याने त्या जोडल्या त्याने त्या उकलाव्यात, जेथे खोट आढळेल तेथे ती दूर करावी, आणि विषय मिटवावा. मीही आजवर असेच समजत होतो. परंतु गेल्या दिवाळीत यवतमाळ येथील माझ्या राहत्या घरी एका जुन्या संगणकाच्या निमित्ताने जो प्रकार घडला, त्याने माझी ही समजूत ढळली. खोट शोधण्यास कोठून प्रारंभ करावयाचा हे ठरवितानाच आपण नकळत एक निवाडा करून बसतो, आणि तो निवाडा पुष्कळदा अन्यायाचा असतो, असे मला वाटू लागले आहे. तो प्रकार आधी सांगतो. मग विचाराकडे वळतो.

माझा भाचा पुण्यास संगणकाच्या व्यवसायात आहे. जुनी यंत्रे मिळवून ती पुन्हा चालती करावयाची, हा त्याचा छंद. नागपूरच्या जुन्या बाजारात, कोणत्याशा शाळेच्या भंगारातून आलेला 'बीबीसी मायक्रो' नावाचा एक संगणक त्यास सापडला. इंग्लंडातील केंब्रिज येथील एकॉर्न कंपनीने हे यंत्र १९८१ साली, बीबीसीच्या संगणक-साक्षरतेच्या उपक्रमासाठी सिद्ध केले. पुढे १९८४ साली भारत सरकारने शाळांतून संगणकाचा परिचय करून देणारी 'क्लास' नावाची योजना हाती घेतली, तेव्हा आपल्याकडील शाळांत हेच यंत्र येऊन पोहोचले. त्या वेळी जे विद्यार्थी होते त्यांपैकी काहींस त्याच्या काळ्या कळा आणि वरच्या ओळीतील नारिंगी-तांबड्या कळा अद्याप आठवत असतील. त्याची स्मृती अवघी ३२ किलोबाइटांची. प्रस्तुत लेख आजच्या पद्धतीने देवनागरीत साठवावयाचा म्हटले, तर तोही तीत मावणार नाही. तरीही एका पिढीने आपली पहिली आज्ञावली अशाच यंत्रावर लिहिली.

या यंत्रास जोडण्यासाठी भाच्याने एक कार्ड तयार केले होते. जुन्या संगणकाचा वेग वाढविणाऱ्या अशा उपकरणास ॲक्सिलरेटर कार्ड म्हणतात. बीबीसी मायक्रोच्या पोटाशी 'ट्यूब' नावाची एक जोडणीची जागा आहे. दुसरा, अधिक समर्थ प्रोसेसर जोडता यावा म्हणून ती मूळ रचनाकारांनीच ठेविली. असा दुसरा प्रोसेसर जोडला, म्हणजे गणिताचे सारे काम तो करू लागतो, आणि जुन्याकडे कळा वाचणे, पडद्यावर अक्षरे उमटविणे, तबकडीवरील मजकूर आणून देणे एवढीच कामे उरतात. पेढीवर नवा मुनीम बसावा, आणि जुन्या कारकुनाने आल्यागेल्याची दखल घेऊन निरोप आत पोहोचवावेत, तशातला हा प्रकार. येथे मुनिमाच्या जागी होता 'रास्पबेरी पाय झिरो' हा बोटभर लांबीचा आधुनिक संगणक. जुन्याचा ठेका सेकंदाला २० लाखांचा, तर या नव्याचा १०० कोटींचा. जुन्याचे संकेत ५ व्होल्टांचे, नव्याचे ३.३ व्होल्टांचे, म्हणून दोघांच्या मध्ये दुभाष्याचे काम करणाऱ्या चिपा बसवाव्या लागतात. आणि हे सर्व ज्याच्या बळावर चालावयाचे तो आदेशसंच, म्हणजे फर्मवेअर, भाच्याने स्वतः लिहिला होता. जुन्या यंत्राने प्रश्न विचारला, की त्याच ठेक्याच्या आत उत्तर त्याच्यापुढे ठेवावयाचे, हे त्या फर्मवेअरचे मुख्य कर्तव्य. त्यासाठी मिळणारी सवड एका सेकंदाच्या चाळीस लाखाव्या भागाहूनही कमी.

कचेरीचे काम घरून करण्याची मुभा असल्याने दिवाळीस आलेला भाचा महिनाभर राहिला, आणि त्याची ही परीक्षा माझ्याच माडीवर चालू झाली. रात्री ९ वाजता एक लांबलचक गणित यंत्रावर लावावयाचे आणि सकाळी निकाल पाहावयाचा, असा क्रम ठरला. पहिल्याच रात्री ४ वाजण्याच्या सुमारास यंत्र थांबले. त्या ७ तासांत जुन्या यंत्राचे सुमारे ५०४० कोटी ठेके पडून गेले होते, आणि त्यांपैकी कोठेतरी एक चुकला होता. भाच्याने चहा घेता घेता निर्णय देऊन टाकला. "मामा, यंत्राचं वय झालंय हो. चाळीस वर्षांचे कपॅसिटर, दुसरं काय व्हायचं?"

हे म्हणणे अविचाराचे नव्हते. त्या यंत्राच्या वीजपुरवठ्यातील काही कपॅसिटर वयोमानाने तडकतात, त्यांतून धूरही निघतो, हे छंदी लोकांस ठाऊक आहे. भाच्याने ते बदलले. दुसऱ्या दिवशी सर्व चिपा त्यांच्या बैठकीत पुन्हा दाबून बसविल्या; तिसऱ्या दिवशी जोडणीच्या पट्ट्या घासून लख्ख केल्या. यंत्र कधी मध्यरात्री, कधी पहाटे थांबतच राहिले. अखेर त्याने आपल्या वहीत एक वाक्य लिहिले: 'यंत्र जुने असल्यामुळे अधूनमधून थांबते, कार्ड व्यवस्थित.' हे कार्ड आणि फर्मवेअर तो देशोदेशींच्या छंदी लोकांस विनामूल्य देणार होता, आणि हेच वाक्य सूचनापत्रात जावयाचे होते.

मला त्या विद्येतले काही कळत नाही. मी केवळ एक भोळा प्रश्न विचारला. "हे यंत्र कार्डावाचून, एकटं, रात्रभर चालतं का, ते पाहिलंस का रे?" तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. पाहिले नव्हते. ज्याच्यावर आरोप, त्याची एकट्याची जबानी कोणी घेतलीच नव्हती. मग कार्ड काढून ठेविले, आणि तसलेच गणित यंत्राच्या बेताच्या स्मृतीत मावेल असे करून त्यावर लावले. ते आपल्या संथ चालीने तीन रात्री चालले. एकही चूक झाली नाही.

त्यानंतर भाचा आपल्या फर्मवेअरकडे वळला, आणि दोन दिवसांत दोष सापडला. नव्या प्रोसेसरजवळ एक जवळची, चपळ स्मृती असते आणि एक दूरची, मोठी स्मृती असते. उत्तर देण्याचे आदेश जवळच्या स्मृतीत असले तर उत्तर वेळेवर जाई. ते तेथून निघून गेलेले असले तर दूरवरून आणावे लागत आणि थोडा उशीर होई. एक उशीर सवडीत खपून जात असे. परंतु कोट्यवधींतून एखाद्या वेळी दोन उशीर पाठोपाठ आले, की उत्तर ठेका चुकवी, आणि जुने यंत्र त्या क्षणी समोर असेल ते खरे मानून वाचून घेई. त्याने प्रश्न वेळेवर विचारला होता आणि उत्तरही नेमल्या वेळी वाचले होते. वेळ चुकली ती १०० कोटी ठेक्यांच्या धन्याची. भाच्याने तेवढे आदेश जवळच्या स्मृतीतून हलणारच नाहीत अशी तजवीज केली, आणि यंत्राचे थांबणे थांबले.

प्रकार एवढाच. ज्याची हानी झाली असे म्हणावे असा कोणी त्यात नाही. परंतु ते वाक्य सूचनापत्रात गेले असते, तर कितीतरी निर्दोष यंत्रे 'वय झाले' म्हणून भंगारात गेली असती, आणि खरा दोष मात्र एका घरातून दुसऱ्या घरात सन्मानाने फिरला असता. माझा भाचा प्रामाणिक आहे, कष्टाळू आहे. त्याने काही लपविले नव्हते. तरीही त्याचे बोट प्रथम जुन्याकडेच वळले. प्रामाणिक मनुष्याचे बोट असे का वळावे?

मला तीन कारणे दिसतात. पहिले हे की, वय डोळ्यांस दिसते. पिवळी पडलेली पेटी, तडकलेला कपॅसिटर हा जणू समोर ठेवलेला पुरावा. फर्मवेअरमधील चूक कोणास दिसत नाही. दुसरे हे की, जुन्याची दुरुस्ती करताना आपल्या अभिमानास धक्का लागत नाही. उलट आपण त्यावर उपकार करीत आहो असे समाधान मिळते. स्वतःच्या कृतीत चूक शोधणे म्हणजे काल रात्रीचा आपला आनंद आज सकाळी आपणच मोडणे. तिसरे कारण सर्वांत बलवत्तर आहे. जुन्या यंत्रास बोलता येत नाही. मुक्यावर ठेवलेला आरोप लवकर सिद्ध होतो. कारण त्याच्या मौनालाच आपण कबुली समजतो.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो भाच्यानेच घेतला. दोष दूर झाल्यावर त्याने काही जुने खेळ लावून पाहिले, तेव्हा त्यांतील काही कार्डासह चालेनात. तो म्हणाला, "आता मात्र दोष माझा नाही." त्याचे म्हणणे खरे होते. एकॉर्न कंपनीने आज्ञावली लिहिणारांस बजावून ठेविले होते की, पडद्यावर काही उमटवावयाचे तर नेमून दिलेल्या मार्गानेच उमटवा. पडद्याच्या स्मृतीत परस्पर हात घालू नका. ज्यांनी हा नियम पाळला त्यांचे काम दुसऱ्या प्रोसेसरवरही चालते. काही खेळांच्या लेखकांनी वेगाच्या लोभाने आडवाट धरली. दुसरा प्रोसेसर जोडताच ती स्मृती पलीकडच्या बाजूस राहिली, आणि त्यांचा हात रिकाम्या जागी पडला. येथे जुन्याने दिलेला शब्द मोडला होता. तेव्हा जुने तेवढे निर्दोष, असा सिद्धांत मी मांडू इच्छीत नाही. जुन्याने कोणता शब्द दिला होता आणि तो पाळला की नाही, एवढेच विचारावयाचे आहे.

मात्र हे विचारू लागले, की असे आढळते की पुष्कळदा जुन्याचा संथपणा हाच त्याचा शब्द असतो. अमेरिकेतील ॲपल टू या संगणकासाठी स्टीव्ह वॉझ्निआक यांनी १९७८ साली तबकडी वाचण्याची जी योजना केली, तीत तबकडीवरील खुणा उचलण्याचा काळ प्रोसेसरच्या ठेक्यांवरूनच मोजलेला होता. ठेका संथ होता म्हणूनच मोजणी बरोबर येई. पुढे त्या संगणकासाठी वेगवर्धक कार्डे निघाली, तेव्हा त्यांच्या कर्त्यांस एक गोष्ट पत्करावी लागली. तबकडीचे काम निघाले, की नव्या प्रोसेसरने आपला वेग सोडून जुन्याच्या चालीने चालावयाचे, आणि काम संपले की पुन्हा धावावयाचे. तबकडी जुनी आहे म्हणून तिचे वाचन चुकते, असे त्यांनी म्हटले नाही. आपल्याकडे १९९० च्या आसपास जे संगणक आले, त्यांपैकी पुष्कळांच्या दर्शनी भागावर 'टर्बो' नावाची एक कळ असे, ती वाचकांस आठवत असेल. ती कळ बहुधा याच कामाची होती. १९८१ सालच्या आयबीएम संगणकाच्या चालीवर बेतलेल्या आज्ञावल्यांसाठी नव्या यंत्रास सावकाश चालावयास लावणे, हे तिचे प्रयोजन. वेगवान असणे आणि वेग आवरता येणे हे दोन वेगळे गुण आहेत. दुसऱ्याची कसोटी घेतल्यावाचून पहिल्याची जाहिरात करू नये, हे त्या कारागिरांस उमगले होते.

याच्या उलट प्रकार घडला तो १९९६ साली. युरोपातील राष्ट्रांनी बांधलेले एरियन ५ हे अग्निबाण-यान ४ जून रोजी प्रथमच उडाले, आणि सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. यानाची दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेतील आज्ञावली आधीच्या एरियन ४ मधून जशीच्या तशी घेतली होती. तेथे ती चोख चालत असे. नवे यान अधिक वेगाने आडवे सरकू लागले, तेव्हा वेगाचा आकडा त्या आज्ञावलीने राखून ठेवलेल्या जागेत मावेना. जुनी आज्ञावली चुकली असे म्हणावे, तर एवढ्या वेगाचा शब्द तिने कोणास दिलाच नव्हता. तिला नव्या मार्गाचे आकडे देऊन आधी पारखले नाही, हे चौकशीत निघाले. जुने आपल्या जागी चोख, नवे आपल्या जागी चोख, आणि दोष सांध्यात. अशा वेळी सांधा ज्याने केला त्याने उत्तर द्यावे, हे उघड आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि तो आमच्या घरातील स्त्रीवर्गाने घेतला. हा सारा संवाद ऐकून माझी पत्नी म्हणाली, "नव्याचीच झडती आधी घ्यायची म्हणता, सासुरवाशिणीच्या बाबतीत आजवर तेच तर करत आलात!" मी निरुत्तर झालो. घरात सून आली आणि त्याच वर्षी पीक बुडाले, गाय मेली, सासरा आजारी पडला, तर तिला पांढऱ्या पायाची म्हणणारा आपलाच समाज. तेथे नवे माणूस दोषी आणि जुने घर निर्दोष, हा न्याय शतकानुशतके चालला. माझा नियम जर नव्याने आधी झडती द्यावी एवढाच असेल, तर तो त्या जुन्याच अन्यायाला शास्त्राचा आधार देईल.

रात्रभर विचार केल्यावर मला असे दिसले की, सून आणि ते जुने यंत्र ही दोन्ही एकाच बाजूस उभी आहेत. जोडणी दोघांनीही आपण होऊन केलेली नव्हती. जोडणीचे नियम बदलण्याची सत्ता दोघांसही नव्हती. आणि दोघांचेही बोलणे कोणी ऐकून घेत नव्हते. तेव्हा भेद नव्याजुन्याचा नव्हेच. तो सत्तेचा आहे. म्हणून मी माझा नियम असा सुधारून घेतो: जोडणी ज्याने स्वेच्छेने केली, बदलण्याचे सामर्थ्य ज्याच्या अंगी आहे, आणि ज्याचे बोलणे ऐकले जाते, त्याने आपली झडती सर्वांआधी द्यावी. सुनेच्या बाबतीत ते घर होय. संगणकाच्या बाबतीत ते कार्ड आणि त्याचा कर्ता. हा शिक्षेचा नियम नव्हे, शोधाच्या क्रमाचा नियम आहे, हेही ध्यानात ठेवावे. झडतीत काही सापडले नाही तर दुसरीकडे जरूर पाहावे. जुन्या कपॅसिटरातही दोष असू शकतो. परंतु क्रम चुकला, की शोध बहुधा पहिल्याच पायरीवर थांबतो. कारण समाधानकारक उत्तर मिळाल्यावर पुढे शोधण्याची गरज कोणास वाटत नाही.

तिसरा आक्षेप असा की, या नियमाने नव्याचे पाऊलच अडखळेल. मला तसे वाटत नाही, आणि याचा दाखला आमच्याच जिल्ह्यात आहे. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची 'शकुंतला' गाडी मँचेस्टर येथे १९२१ साली बांधलेल्या वाफेच्या इंजिनाने १९२३ पासून सुमारे ७० वर्षे ओढली. १९९४ च्या एप्रिलात तेथे डिझेलचे इंजिन आले. नवे इंजिन अधिक समर्थ होते. परंतु रूळ तेच, वळणे तीच. म्हणून त्याने आपले सामर्थ्य त्या रुळांस पेलेल एवढेच वापरले, आणि गाडी पूर्वीच्याच संथपणाने दारव्ह्यावरून जात राहिली. आता ती गाडी धावत नाही. परंतु ती धावत होती तोवर, नव्याने जुन्याचे माप घेऊन चालणे म्हणजे काय, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. त्यात नव्याचा काही कमीपणा झाला असे आम्हांस कधी वाटले नाही.

इतका वेळ मी यंत्रांविषयी लिहिले. परंतु या जिल्ह्यात राहणाऱ्या मनुष्यास हा विचार यंत्रांपाशी थांबविता येत नाही. २०१७ सालच्या पावसाळ्याच्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले, आणि शेकडो लोकांस उपचार घ्यावे लागले. त्या वर्षी पुष्कळ शेतांत पऱ्हाटी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती. फवारणाऱ्याच्या तोंडावर, छातीवर तोच फवारा परत येई. ही वार्ता आली तेव्हा पुष्कळांच्या तोंडून, आणि खोटे कशाला सांगू, माझ्याही तोंडून, पहिले वाक्य निघाले ते असे: यांनी हातमोजे घातले नसतील, तोंडास काही बांधले नसेल, औषधे एकत्र कालवली असतील. हे वाक्य सर्वस्वी खोटे नव्हते. भाच्याचे कपॅसिटरविषयीचे वाक्यही सर्वस्वी खोटे नव्हते. परंतु आपण पहिले बोट कोणाकडे केले, हे आज मला लख्ख दिसते. औषध सिद्ध करणारे, ते विकणारे, त्यास परवाना देणारे, आणि घरी बसून अभिप्राय देणारे आमच्यासारखे सुशिक्षित, या सर्वांस बोलता येत होते. जो मेला त्यास बोलता येत नव्हते.

बाटलीवरची सूचना वाचून, रबरी हातमोजे, मुखपट्टी आणि अंगभर झगा घालून औषध मारले तर ते निर्धोक, असे त्या औषधाच्या परीक्षेत ठरले असेल. ती परीक्षा त्या अटीपुरती खरी. परंतु भादव्या-आश्विनातील विदर्भाच्या उन्हात, डोक्याइतक्या पऱ्हाटीत, रोजावर आलेला, सूचनेतील बारीक अक्षरे वाचता न येणारा मजूर ते मारणार, हे ठाऊक असताना परीक्षा मात्र दुसऱ्याच मनुष्यावर घेतली, तर ती परीक्षा कोणाची झाली? भाच्याचे कार्ड पुण्याच्या त्याच्या मेजावर, दहा मिनिटांच्या चाचणीत, दरवेळी उत्तीर्ण झाले होते. खरी कसोटी होती ती जुन्या यंत्राबरोबर, रात्रभर, त्या यंत्राच्या ठेक्याने चालण्याची. ज्यांच्याबरोबर नव्याला नांदावयाचे आहे, त्यांच्या स्थितीतच नव्याची परीक्षा झाली पाहिजे. ते जसे असावेत असे आपणांस वाटते तशा स्थितीत घेतलेली परीक्षा, ही परीक्षा नव्हे. ती स्वतःची समजूत आहे.

परीक्षा म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला, असे समजण्याची चूकही आपण करतो. डच गणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइकस्ट्रा यांनी १९७० च्या सुमारास हे निक्षून मांडले की, चाचणीने चूक आहे हे दाखविता येते. चूक नाही हे दाखविता येत नाही. १२ तासांत ८६४० कोटी ठेके बिनचूक पडले, तरी पुढचा चुकणार नाही असे कोणी सांगावे? म्हणून परीक्षकाने 'दोष नाही' असे लिहू नये. 'अमुक स्थितीत, इतका वेळ पाहिले, दोष आढळला नाही' असे लिहावे. हा शब्दच्छल नव्हे. पहिल्या वाक्याने पुढे येणाऱ्या प्रत्येक तक्रारीचे तोंड आधीच बंद होते. दुसऱ्या वाक्याने ते उघडे राहते. एखादा शेतकरी, एखादी सून, एखादे मुके यंत्र पुढे कधी तक्रार घेऊन आले, तर त्यास उभे राहण्यापुरती जागा परीक्षकाच्या वाक्यात असावी.

भाचा पुण्यास परत जाण्याच्या आदल्या दिवशी मी त्याची वही पाहिली. 'यंत्र जुने असल्यामुळे अधूनमधून थांबते. कार्ड व्यवस्थित' हे वाक्य त्याने एका रेघेने खोडले होते. पान मात्र फाडले नव्हते. "असू दे मामा," तो म्हणाला, "काय लिहिलं होतं ते दिसू दे." खाली नवी नोंद होती: 'यंत्र एकटे, ३ रात्री, चूक नाही. कार्डासह, फर्मवेअर सुधारल्यावर, ११ रात्री, चूक आढळली नाही. यंत्र थांबल्यास प्रथम कार्ड काढून पाहावे.' हेच शेवटचे वाक्य आता त्याच्या सूचनापत्रात सर्वांत वर छापले आहे.